गळाच्या काठीच्या लेथला मोटर कुठली?

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाऊण अश्वशक्तीची एकच मोटर घेऊन सगळी कामं तिच्यावर उरकायचा तुझा बेत मला पटला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

रॉड, म्हणजे गळाची काठी, बांधताना लेथकडून तीन कामं करून घ्यायची असतात. कॉर्कची किंवा ईव्हीए फोमची मूठ घासून आकाराला आणायची, गाइडवर (गळाची दोरी जिच्यातून जाते त्या कडीच्या पायावर) दोरा गुंडाळायचा आणि इपॉक्सी लावल्यावर ते घट्ट होईपर्यंत रॉड सावकाश फिरत ठेवायचा. पहिल्या कामाला मिनिटाला ८०० ते १५०० फेरे लागतात, दुसऱ्याला शून्यापासून फार तर दोनशे आणि तिसऱ्याला ६ ते १८. एवढा पल्ला एका मोटरला झेपत नाही. पहिली दोन कामं ओढूनताणून एकीवर होतात, पण वाळवणीची मोटर वेगळीच हवी. लेथचीच वापरली तर ती तासन्‌तास अडकून पडते आणि तेवढा वेळ लेथ बंद ठेवावा लागतो, हेही आहेच.

आधी ताकदीचा हिशेब करू. मूठ २८ मिलिमीटर जाडीची धर, म्हणजे त्रिज्या १४. सँडपेपर बऱ्यापैकी दाबून धरला तरी घर्षणाचा जोर पंधरा-सोळा न्यूटनच्या आसपास राहतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, झाला साधारण ०.२२ न्यूटन-मीटर. याला फेऱ्यांनी गुणून ९.५५ने भागलं की वॅट मिळतात. १५०० फेऱ्यांना ते ३५ भरतात. पट्टा आणि बेअरिंगमध्ये जाणारी शक्ती, मधूनच जोरात दाबणं, हे सगळं धरूनही १५० ते २५० वॅट भरपूर झाले. तुझी पाऊण अश्वशक्ती म्हणजे ५६० वॅट. जादा ताकद नुसती पडून राहत नाही. सँडपेपरची पट्टी मुठीभोवती गुंडाळली गेली किंवा बाही अडकली, तर लहान मोटर अडते, मोठी ओढतच राहते.

आता प्रकार. साधी सिंगल-फेज इंडक्शन मोटर शांत आणि टिकाऊ असते, पण तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर १४४०च्या आसपास फिरते. ती घेतलीस तर वेग पायऱ्यांच्या पुलीनेच बदलायचा. पंख्याचा रेग्युलेटर लावायचा मोह होईल, तो टाळ. वेग फार पडला की वेग आल्यावर स्टार्टिंगची गुंडाळी तोडणारा आतला सेंट्रिफ्युगल स्विच पुन्हा जुळतो, स्टार्टिंगची गुंडाळी चालूच राहते आणि जळते. थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारं यंत्र) ही जोडी छान चालते, पण एवढ्याशा कामाला तो खटाटोप मला जास्त वाटतो.

शिवणयंत्राची ८०-१०० वॅटची मोटर पेडलसकट मिळते, म्हणून सगळ्यांची नजर आधी तिच्यावर जाते. दोरा गुंडाळायला ती ठीक आहे, पण पट्ट्याने वेग निदान पाच-सहा पट खाली आणायला हवा, नाहीतर पेडलवर पाय ठेवताच ती धक्क्याने सुटते. मूठ घासायला मात्र ती घेऊ नकोस. ही युनिव्हर्सल मोटर आहे. सँडपेपर टेकवला की तिचा वेग बसतो, उचलला की उसळतो. प्रत्येक वेळी हाताला वेगळा वेग लागतो आणि मुठीवर लाटा उमटतात.

माझं मत विचारशील तर मूठ घासायला परमनंट मॅग्नेटची डीसी मोटर. व्होल्टेज निम्मं केलं की वेग जवळपास निम्मा होतो आणि टॉर्क करंटवर अवलंबून असल्याने हळू फिरतानाही जोर टिकतो. जुन्या ट्रेडमिलमधून निघते ती हीच. तिच्या पाटीवरची अश्वशक्ती फुगवलेली असू शकते, तेव्हा व्होल्ट आणि अँपिअर बघ. ती ताकदीला मोठी असते खरी, म्हणून वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरची करंट-मर्यादा खाली आण. तिच्या फ्लायव्हीलचे आटे बरेचदा उलटे असतात. मोटर उलटी फिरवली तर फ्लायव्हील सुटून निघू शकतं, म्हणून दिशा आधी तपास. वेगही दांडगा असतो. ४००० फेऱ्यांची मोटर असेल तर तिच्यावर ४० मिलिमीटरची आणि स्पिंडलवर (लेथच्या फिरत्या दांड्यावर) १०० मिलिमीटरची पुली बसव, १६०० फेरे मिळतील. रॉड पकडणारा चक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवू नकोस. लांब ब्लँकचा (रॉडच्या नुसत्या काडीचा) आडवा भार मोटरच्या बेअरिंगवर येतो. शिवाय स्वतंत्र स्पिंडल पोकळ घेता येतो, म्हणजे ब्लँकचं बुड त्यातून आरपार जातं. पट्टा फार ताणू नकोस, काही अडकलं तर तो घसरायला हवा.

मूठ ब्लँकवर चिकटवून घासणार असशील तर १५०० फेरे विसर. मोकळं टोक चाबकासारखं झोडपायला लागतं आणि एकदा झोडपायला लागलं की वेग कमी करेपर्यंत ब्लँक मोडलेली असते. दर दोन-अडीच फुटांवर रोलरचा आधार दे आणि पाचशेपासून हळूहळू वर जा. मँड्रेलवर (मूठ आत धरणाऱ्या दांड्यावर) सुटी मूठ घासणार असशील तर पूर्ण वेग चालतो. ईव्हीएला तेव्हाही कमीच ठेव, तापलं की पृष्ठभाग चकचकीत आणि कडक होतो.

दोरा गुंडाळण्याला ताकद जवळपास लागतच नाही. दोऱ्याचा ताण दोन-तीन न्यूटन आणि ब्लँकची त्रिज्या चार-पाच मिलिमीटर, त्यामुळे १२ किंवा २४ व्होल्टची वीसेक वॅटची गिअर मोटर पुरते. इथे महत्त्व थांबण्याला. पाय उचलला की स्पिंडल तिथेच थांबला पाहिजे, नाहीतर दोरा गाइडच्या पायावरून पुढे निघून जातो. ट्रेडमिलच्या मोटरवर दोरा गुंडाळू नको म्हणतो ते फ्लायव्हीलच्या गरगरण्यामुळे. वर्म गिअरची मोटर लगेच थांबते, पण हाताने मागे फिरत नाही आणि दोन-चार वेटोळी उसवायची वेळ तर येतेच. म्हणून सरळ दात्यांचा गिअरबॉक्स घे किंवा मध्ये सैलसर पट्टा ठेव.

वायरिंगकडे नीट लक्ष दे. ट्रेडमिलच्या मोटरचे बहुतेक कंट्रोलर मेन्सपासून (घरच्या विजेपासून) वेगळे केलेले नसतात, म्हणजे वेगाच्या पॉटपर्यंतच्या (वेग कमी-जास्त करायच्या घुंडीपर्यंतच्या) तारांमध्येही मेन्सचंच व्होल्टेज असतं. तो पॉट पत्र्याच्या पेडलमध्ये बसवून त्यावर अनवाणी पाय ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. पेडल प्लॅस्टिकचं आणि बंद हवं, लेथच्या सांगाड्याला अर्थिंग हवं, मोटरच्या तारेत फ्यूज हवा आणि हाताशी बंद करण्याचं मोठं बटण हवं. दिशा बदलायचा स्विच लावलास तर मोटर पूर्ण थांबल्यावरच तो फिरव. दोरा गुंडाळायच्या मोटरला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॉप्टर लावलास तर तिच्यापुरती ही काळजी मिटते.

धुळीचंही बघ. कॉर्कची धूळ मोटरच्या कार्बन ब्रशभोवती साचते, एवढंच. कार्बन ब्लँक घासलीस तर निघणारी पूड मात्र वीजवाहक असते. कंट्रोलरच्या बोर्डावर बसली की शॉर्ट होतं. म्हणून कंट्रोलर बंद डब्यात ठेव, धूळ ओढणारा पाइप घासण्याच्या जागी लाव आणि तोंडाला मास्क बांध.

वाळवणीला मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर छान. तीन-चार वॅटची, मिनिटाला पाच-सहा फेरे. घेताना तिच्यावरचं व्होल्टेज वाच, काही २१ किंवा ३० व्होल्टच्याही असतात. ती कधी उजवीकडे, कधी डावीकडे सुरू होते, त्याने इपॉक्सीला फरक पडत नाही. अडली की उलट फिरते, तेव्हा चकवर चिकटपट्टीचं एक शेपूट लाव, ते पूर्ण गोल फिरतंय का हे लांबूनही दिसतं. आधारांची उंची एकसारखी हवी. रॉड कुठे घासला आणि मोटर थांबली, तर प्रत्येक गुंडाळीच्या खाली इपॉक्सीचं पोट सुटतं. पातळ इपॉक्सीला १० ते १८ फेरे बरे, जाडसर थराला सहा चालतात. इपॉक्सी ओघळायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा तास, फिरू दे. मध्येच वीज गेली तर पहिले दोन तास दर पाच मिनिटांनी हाताने अर्धा फेरा देत राहा.

तुझ्याकडे पडलेल्या मोटरची पाटी पुसून व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि शाफ्टचा व्यास लिहून पाठव. तिला कार्बन ब्रशच्या टोप्या आहेत का, तेही बघ. मग पुलीचे व्यास काढून कळवतो.

तुझा,
श्रीकांत