हातानं घासायचं काम

एसलिंगन, जर्मनी
रविवार

ती. बाबा व आई यांस सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं शिकून शेवटी हातानं घासायचं काम?" तुमची काळजी आवाजातच कळली. फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नोकरी का गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. डिझेल इंजिनाच्या भागांना मागणी उरली नाही आणि आमचा डिझाइनचा अख्खा विभाग बंद झाला. बेकारी भत्ता मिळाला, घरात लेकरू असल्यानं हाती येणाऱ्या पगाराच्या 67 टक्के, त्यामुळे भाडं थकलं नाही. पण सकाळी अर्ज पाठवायचे आणि दुपारी नकार वाचायचे, यानं मन फार खचलं होतं. मग मशीन टूल बनवणाऱ्या एका कारखान्यात असेंब्लीला जागा मिळाली. पगार कमी आहे. काम मात्र तेच, जे तुम्ही उद्यमनगरात जन्मभर केलंत. ब्ल्यू मॅचिंग, म्हणजे निळ्या रंगानं उंचवटे शोधून हातानं खरवडायचं.

इतकी वर्षं पडद्यावर मायक्रॉनचे आकडे टाकत होतो, पण मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हाताला पहिल्यांदा इथे लागला. सरफेस प्लेटला, म्हणजे नमुन्याच्या सपाट पाट्याला, निळा रंग अगदी पातळ लावायचा, ती यंत्राचा भाग ज्यावर सरकतो त्या बिडाच्या स्लाइडवेवर फिरवायची. उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो. स्क्रॅपरची मूठ कमरेला टेकवून, अंगाच्या रेट्यानं तेवढाच ठिपका खरवडायचा, दोन-तीन मायक्रॉन. पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा प्लेट. आधी चार मोठे डाग दिसतात, मग ते फुटून बारीक होत जातात. इंचभर चौकोनात वीसेक ठिपके सारखे उमटले की माइस्टर, म्हणजे आमचा उस्ताद कारागीर, मान हलवतो. संध्याकाळी थकून हात जड पडला आणि एक ओरखडा खोल गेला, तर भोवतीचा सगळा भाग तेवढा खाली उतरवावा लागतो. हॉल 20 अंशांवर ठेवलेला असतो, कारण एका अंशानं मीटरभर बीड सुमारे दहा मायक्रॉननं वाढतं.

ग्राइंडिंग का नाही, हे तुम्हीच लहानपणी सांगितलं होतं. ग्राइंडर त्याच्या स्वतःच्या स्लाइडवेइतकाच सरळ. शिवाय खरवडलेल्या बारीक खळग्यांत तेल टिकतं.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. शिकताना माइस्टरनं मला तीन छोट्या प्लेटी दिल्या. दोनच एकमेकींवर जुळवल्या, तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर असूनही ठिपके छान जुळतात. तिसरी आणली की फसवणूक उघडी पडते. तिन्ही आळीपाळीनं जुळवत गेलं, की हाताशी कुठलाही नमुना नसताना तिन्ही सपाट होतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ही पद्धत निबंध वाचून मांडली होती. त्या प्लेटींवर मी आठवडेच्या आठवडे घालवले. जुन्या कामातही मी राबत होतो, रात्र-रात्र बसत होतो, पण ते राबणं तारखेसाठी होतं. इथे तारीख कुणी विचारत नाही. शेवटच्या ठिपक्यालाही पहिल्याइतकंच लक्ष द्यावं लागतं, आणि दिलं की नाही ते रंगच दाखवतो. तुम्ही रात्री जेवायला उशिरा का यायचात, ते मला आत्ता कळतंय. बाबा, या कामाची मला लाज वाटत नाही. मनापासून लिहितोय.

अर्ज अजूनही पाठवतो, पण डिझाइन आणि असेंब्ली दोन्ही असेल अशाच जागांसाठी.

आई, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नकोस. दादाला सांग, या महिन्याचे पैसे पाच तारखेला येतील.

बाबा, एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा, जॉब येतोय. जुन्या कानशीपासून बनवलेल्या तुमच्या स्क्रॅपरला गनमेटलसाठी धार कशी लावायचात? बिडापेक्षा कोन किती वेगळा? दादाला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमचा
धाकटा