चिठ्ठीतलं नाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. वडील तुरुंगात आहेत म्हणून त्या मुलीच्या बाकावर कुणी बसत नाही. आता ईस्टरआधीचा उपवासकाळ येतोय, तर वर्गाकडून काय करून घेऊ, असं विचारलंयस. शिक्षक तू आहेस, मी काय सांगणार? पण एक गोष्ट इतकी वर्षं तुझ्यापासूनही लपवून ठेवली, ती आज लिहितो.

सातवीतला तो आठवतो? शेवटच्या बाकावरचा. मानेवर आणि हातांवर कोडाचे डाग होते त्याला. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे विज्ञानाच्या तासाला आपण वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले. तरी त्याने हात लावलेला खडू आपण उचलत नव्हतो. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून घ्यायच्या रांगेत तर त्याच्या मागे उभं राहायला कुणी तयार होईना. फादरांचा अंगठा त्याच्या कपाळाला लागून मग आपल्याला लागेल, ही भीती! गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख, एकाच वाटीतली. माती आहेस आणि मातीला मिळशील, हे शब्द त्याच्यासाठी आणि आपल्यासाठी सारखेच म्हटले गेले. आपल्याला मात्र अंगठ्याचीच काळजी.

त्या वर्षी सिस्टरांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या होत्या. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी ईस्टरपर्यंत गुपचूप काहीतरी चांगलं करायचं. मला त्याचं नाव आलं होतं.

मी मनापासून केलं रे. त्याच्या बाकात टोक केलेल्या पेन्सिली ठेवल्या, बायबलमधली वचनं सुंदर अक्षरात लिहून ठेवली, त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली. गोड सोडलं होतं, तेही पाळलं. घरी कॅलेंडरवर रविवार वगळून एकेक दिवस खोडत होतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं त्या बुधवारचंच वाचन. त्याचा मला केवढा आधार वाटला! गुपचूप करायचं म्हटल्यावर त्याच्याजवळ जायची गरजच उरली नाही.

मग एका शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांची प्रार्थना, चालू होती. पाचव्या स्थानाला सगळे गुडघे टेकून उठलो. कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो ते स्थान. गर्दीत तो माझ्या बाजूला आला होता. हळूच म्हणाला, "चिठ्ठ्या तूच ठेवतोस ना? अक्षर ओळखलं मी. मग शेजारी का बसत नाहीस?"

मी काहीच बोललो नाही. पुढची नऊ स्थानं कशी गेली ते आठवत नाही.

सोमवारी त्याच्या बाकावर जाऊन बसलो. तू लांबून पाहत होतास, आणि सुट्टीत विचारलंस, "बाईंनी बसवलं का?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं, त्याची आज क्षमा मागतो. त्याने डबा उघडून माझ्याकडे सरकवला तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. त्याने ते पाहिलं, पण डबा मागे घेतला नाही.

राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी लूकच्या शुभवर्तमानातला लेवी जकातदार वाचला जातो. मी तो दरवर्षी लक्ष देऊन ऐकतो. जेवण लेवीच्या घरी होतं. पंगत त्याची, पाहुणे त्याच्यासारखेच वाळीत टाकलेले, आणि येशू तिथे जाऊन बसला. ज्याला सगळ्यांनी दूर ठेवलं, त्याच्या हातचं घेणं हे त्याला काही देण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, असं मला तेव्हापासून वाटतं. 2013 साली पोप फ्रान्सिस पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीच्या दिवशी, रोममधल्या कासाल देल मार्मो या किशोर बंदिगृहात गेले आणि तिथल्या बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. मला त्यातलं सर्वांत मोठं हे वाटलं, की त्या मुलांना कुठे बोलावलं नाही, तेच उठून तिकडे गेले.

म्हणून सांगतो, वर्गासमोर त्या मुलीवर दया करा असं काही बोलू नकोस. तिचं नाव न घेता बोललास तरी तिला कळेल, सगळ्यांना कळेल. तिच्यासाठी पेटीत पैसे जमवू नकोस. आधी तिलाच विचार, तुला कुणाशेजारी बसायला आवडेल. एखाद्या मुलाला वा मुलीला गणित अडत असेल आणि तिला येत असेल, तर तिच्याकडे शिकायला पाठव. चिठ्ठ्या काढायच्या असतील तर जरूर काढ, पण या वेळी नावं उघड असू देत. पालक तक्रार घेऊन येतील, त्यांना तू एकटा सामोरा जाऊ नकोस. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेव. आणि एखादं मूल भीतभीत, अर्ध्या मनाने तिच्याजवळ गेलं, तरी त्याला थांबवू नकोस. शिमोनालाही बळजबरीनेच पुढे काढलं होतं.

ती काय म्हणते, कुणाचं नाव घेते, ते मला लगेच कळव. वाट पाहतोय.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार