मार्चमध्ये येत नाहीये

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगायला हवं होतं. पण बाबा, तुमचं ते एकच "बरं" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, ते कानावर घ्यायची छाती झाली नाही. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

मार्चमध्ये मी परत येत नाहीये. जिनिव्हाचं काम संपतंय हे खरं, पण पुढची दोन वर्षं अमेरिकेत, साउथ डकोटातल्या लीड गावी जायचं कबूल केलंय. सही गेल्या आठवड्यातच झाली. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, आणि सगळं तुमच्या होकारावर ढकलून मी मोकळी झाले असते. ते नको वाटलं.

काम तेच, क्रायोस्टॅटचं, म्हणजे अतिथंड टाक्यांचं. आई, तू काकूंना "फ्रीज बनवते" सांगतेस, त्यात फारसं चुकीचं नाही. बर्फाची लादी भुशात ठेवायचे ना, तसंच. भुशाच्या जागी 80 सेंटीमीटर फोम, त्याच्या आत 1.2 मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, आणि त्यात उणे 186 अंशांवर द्रवरूप झालेला आर्गॉन वायू. गार झाला की पत्रा आकसतो, म्हणून त्याला उभ्याआडव्या वळ्या असतात, भजनातल्या पेटीच्या भात्यासारख्या. त्या नसत्या तर सांधे फाटले असते. इथल्या सर्न प्रयोगशाळेतल्या नमुन्याच्या टाकीत साधारण 770 टन आर्गॉन राहतो. तिथल्या एकेका टाकीत 17,500 टन! बाहेरून 66 मीटर लांब. म्हणजे बाबा, तुमच्या पाच-साडेपाच एसट्या एकामागे एक, आणि उंची सहा मजली. हे सगळं पोलाद सुटं करून जुन्या खाणीच्या शाफ्टमधून दीड किलोमीटर खाली उतरवायचं आणि खाली जोडायचं.

कशासाठी, ते मागच्या गणपतीत सांगितलं होतं, तेव्हा आई मोदकात होती. शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, जमिनीतून 1,300 किलोमीटर येणार. त्यातला एखादाच आर्गॉनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते काही मीटर सरकत कडेपर्यंत पोचले तरच आपल्याला पत्ता लागतो. वाटेत ऑक्सिजन भेटला तर तो त्यांना गिळतो. हजार कोटींत एक, एवढासुद्धा तो चालत नाही. म्हणून गळती नको. गळती शोधणं हेच माझं पोट.

सांध्याच्या एका बाजूला हेलियम सोडायचा, दुसऱ्या बाजूला यंत्र हुंगत बसवायचं. परवा रात्री एक सांधा धरला, दोन तास काही दिसेना, आणि मग काटा जरासा हलला. तेव्हा मला डेपोमागची ती पत्र्याची घंगाळी आठवली. तुम्ही ट्यूब पाण्यात दाबून धरायचे आणि मला म्हणायचे, चिऊ, बुडबुडा तू शोध, माझे डोळे गेले. डोळे कुठे गेले होते तुमचे, पस्तिशीत! मला कळत होतं, पण मी सांगितलं नाही. अजून नसतं सांगितलं.

खाणीचं म्हणाल तर ती सोन्याची होती, 2002 मध्ये बंद झाली. आता आत प्रयोगशाळा आहे. खोदाईसुद्धा 2024 मध्ये पुरी झाली, आठ लाख टन खडक काढून. म्हणजे सुरुंगाचं काम आटोपल्यावर मी जातेय. टीव्हीवरच्या कोळशाच्या खाणी डोळ्यांसमोर आणू नका. आर्गॉनला वास नसतो आणि तो खाली साचतो हे मला माहीत आहे, म्हणून ऑक्सिजन मोजणारं यंत्र कमरेला असतं, आणि ते वाजलं की मी हातातलं काम टाकून पळणार. शपथ. आणि बाबा, कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1965 साली आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) लोकांनी न्यूट्रिनो टिपले होतेच की, याहून खोल जाऊन. मी काही जगावेगळं करत नाहीये.

वर बर्फ पडतं, खाली उलट उकडतं. स्वेटर विणू नकोस, आई. बरं, विण, पण एकच. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आहे, कुकर आहे, गोडा मसाला मी बरोबर नेतेय. पोळ्या माझ्या अजून नकाशासारख्याच होतात, पण पोट भरतं.

आता ऐका. स्वयंपाकाला बाई येणार आहेत, पुढच्या सोमवारपासून. दादाने बोलून ठेवलंय. आई, तुझ्या हाताला चव नाही असं कोणी म्हणत नाहीये. तुझे गुडघे म्हणतायत. फोडणी तूच दे, ओट्यापाशी तासभर उभी राहू नकोस, एवढंच. बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. माळ्यावर चढायचं नाही. अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. पैसे तुमच्याच खात्यावर येतील, दादाकडे मागावे लागणार नाहीत. मागच्या वेळचं माझ्या लक्षात आहे.

दिवाळीला तीन आठवडे येते. तिकीट काढलंय. पेणच्या घराचं तेव्हा बोलू, तोवर कागदांवर कुणाच्या सांगण्यावरून सही करू नका.

आई, रडली असशील तर आधी चहा घे, बिनसाखरेचा, आणि मग फोन कर. मी जागी आहे.

तुमची,
चिऊ

ता. क. कुकरची वाफ कडेने जाते म्हणालीस. रिंग बदल. कणीक लावून बुजवू नकोस.