प्रत्येक खराब दात गोड खाण्यामुळे नसतो

संपादक महोदय,

मुलाचे दात बिघडले की गोड खाण्यावर दोष ढकलून आपण मोकळे होतो; परंतु इनॅमल (दातावरचे कठीण आवरण) घडवणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होत असल्याने, बालपणी त्यात राहिलेली उणीव शरीराला पुढे भरून काढता येत नाही आणि असा दात लवकर किडतो. रक्तातील फॉस्फेट घटवणाऱ्या आनुवंशिक मुडदुसात (हाडे मऊ पडण्याच्या विकारात) तर कीड नसतानाही दाताच्या मुळाशी गळू होते, आणि हायपोफॉस्फॅटेशियात (हाडे व दात नीट कठीण न होण्याच्या आनुवंशिक विकारात) दुधाचे दात वयाच्या पाचव्या वर्षाआधीच, अनेकदा मुळासकट, पडतात. अशा वेळी दंतवैद्यालाच हाडांच्या विकाराचा पहिला सुगावा लागू शकतो. असे असताना दात आणि हाडे यांवरील संशोधन वेगवेगळ्या दालनांत (आणि बहुधा वेगवेगळ्या अनुदानांवर) का चालावे, हे मला उमगत नाही.

— एक वाचक