सायले, आधी एसएमपीएस

विश्रामबाग, सांगली

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास. मी परत लावला नाही, कारण लावला असता तर मी पुन्हा एसएमपीएसचंच, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या त्या डब्याचंच विचारलं असतं आणि तू पुन्हा ठेवला असतास. म्हणून लिहितेय. कॉम्प्युटरचं कॅबिनेट दादाच्या गाडीतून पोचलं असं पप्पा म्हणाले. आडवं झोपवून नेलं ना? उभं नेलं असेल तर चालू करण्याआधी झाकण काढ आणि ग्राफिक्स कार्ड स्लॉटात घट्ट बसलंय का बघ.

आता तुझा बेत. तीस हजार साठलेत, त्यातून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, आरएक्स ६६००, घ्यायचं आणि बाकी मशीन आहे तसंच ठेवायचं. कार्ड तू अगदी बरोबर निवडलंस. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, वीज घ्यायला आठ पिनचा एकच जोड. तुझ्या बी४५० बोर्डाचा कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३ चा असला तरी या कार्डाला आठ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा आहेत, त्यामुळं फारसं नुकसान नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी ६५०० एक्सटी गळ्यात मारायला बघेल; त्याला लेन चारच आणि मेमरीही चारच जीबी, जुन्या बोर्डावर ते कार्ड गुदमरतं. इंटेलचं आर्क तू स्वतःच बाद केलंस, कारण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो तुझ्या रायझन २६०० प्रोसेसरवर धड मिळत नाही. हे सगळं तू वाचून काढलंस, याचं कौतुक पप्पा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतायत. मी काही बोलत नाही, पण ऐकते.

पण गेम शहरात शिरला की अडखळतो, तो कार्डामुळं नाही. टास्क मॅनेजर उघडून बघ. रॅम आठातली साडेसात भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर दिसेल. गेम इमारती डिस्कवरून उचलतोय आणि ठेवायला जागाच नाही. अशात नवं कार्ड लावलंस तरी झटके तसेच राहतील. म्हणून अजून एक ८ जीबीची स्टिक घे, डीडीआर४. सध्या रॅमचे भाव चढलेत, जुनी मिळाली तरी चालेल. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लाव, म्हणजे ड्युअल चॅनल होतं, दोन्ही स्टिका एकाच वेळी डेटा देतात. शेजारीशेजारी लावलीस तर स्टिका दोन असूनही चॅनल एकच चालतं. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं पळवणारं सेटिंग, चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २१३३ वरच पळत राहते. दोन्ही वेगळ्या वेगाच्या असतील तर हळूवाली ठरवेल तोच वेग. आणि एक एसएसडी घे. तिनं एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत, पण लोडिंग आणि हे झटके कमी होतात. ५०० जीबी पुरे. विंडोज आणि खेळायचे दोन-तीन गेम तिच्यावर, फोटो आणि कॉलेजचं काम जुन्या डिस्कवर. एम.२ वाली, थेट बोर्डावर बसणारी पट्टी, घेतलीस तर तिचा इवलासा स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या पुडीत आहे. पुडी मी कॅबिनेटच्या आत चिकटवून दिलीय.

आणि आता तेच. तू म्हणतेस, एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय, सगळं मिळून तीनशेसुद्धा होत नाही, मग आई घाबरते कशाला? वरचा मोठा आकडा वाचू नकोस. स्टिकरवर +१२ व्होल्टसमोर बघ. १६ अँपिअर आहे. बारा सोळा एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १९२ वर जगतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेत, ते आजकालच्या मशीनला फारसे लागतच नाहीत. तुझा २६०० जोरात चालला की ८८ वॅटपर्यंत जातो, कार्ड १३२. झाले २२०. शिवाय कार्ड क्षणभर याच्याही वर उडी मारतं. आजवर चाललं कारण तुझं जुनं कार्ड, १०५० टीआय, ७५ वॅटचं, स्लॉटातूनच जेवणारं. त्या एसएमपीएसला कधी घाम फुटलाच नाही.

त्यात आठ पिनची वायर नाही म्हणून तू मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या वीजजोडाचा) कन्व्हर्टर लावणार. दोन मोलेक्स दिसतात, पण दोन्ही एकाच पिवळ्या वायरीवर ओवलेले असतात. आठ अँपिअरच्या वर करंट त्या एका वायरीतून आणि सैल पिनांतून जाणार. पिन सैल असली की तिथंच तापते, आणि तापली की आणखी सैल होते. वितळलेले कनेक्टर तू आपल्या टेबलावर लहानपणापासून बघितलेत. हलका एसएमपीएस जाताना एकटा जाईलच असं नाही, बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. आणि तू त्याच खोलीत, त्याच टेबलाशेजारी गादी टाकून झोपतेस, डाउनलोड लावून.

बघ, लेक्चर झालंच. देणार नव्हते. राग मानू नकोस.

२०१९ च्या पुरात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सगळे गाद्या आणि धान्य वर नेत होते आणि तू हे कॅबिनेट कवटाळून जिना चढलीस. आजी ओरडली, आधी कागदपत्रं घे म्हणून. तू ऐकलं नाहीस, आणि वर गेल्यावर त्याच्यावर स्वतःची रजई घातलीस. आजी हल्ली ते कौतुकानं सांगते. तिचा गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस.

तर पैशाचं. एसएमपीएसला चार-पाच हजार बाजूला काढ. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), +१२ वर चाळीसच्या आसपास अँपिअर, आठ पिनची वायर त्याची स्वतःची आणि पाच वर्षांची वॉरंटी. हा नवाच, बिलासकट, सेकंडहँड नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, पण घासाघीस पप्पांसारखी कर, माझ्यासारखी नको. उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कार्ड. बसत नसेल तर कार्ड दोन महिने थांबेल.

कार्ड घेताना विकणाऱ्याच्या मशीनवर अर्धा तास गेम चालवायला लाव. पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का, पंखा खरखरतो का, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट सगळे चालतात का बघ. मागच्या स्क्रूंचे खाचे घासलेले असतील तर कुणीतरी उघडलंय. एकटी जाऊ नकोस, ऋतुजाला ने.

प्रोसेसर पुढच्या वर्षी. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, त्याला २६०० पुरतो. पुढं रायझन ५ ५६०० याच बोर्डात बसेल, पण बायोस आधी अपडेट कर, जुना प्रोसेसर आत असतानाच. आणि कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम होऊ दे, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडं फिरवत सोडव. सरळ ओढलास तर प्रोसेसर सॉकेटातून चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

खोलीतल्या प्लगला अर्थिंग आहे का? कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लावून झिणझिण्या आल्या तर घरमालकाला सांग. तो नाही म्हणाला तर मला सांग.

तुझी,
आई

ता. क. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस घेतलास तर वायरी त्याच्याच वापर. कमी पडली म्हणून ऋतुजाच्या मशीनची उसनी लावू नकोस. एसएमपीएसकडचं टोक बसतं, पण आतल्या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले तर एसएसडी चालू करताक्षणी जळते.