रविवारी वेताळ टेकडीवर: कोळसा, राख आणि कागद

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 6.30 ला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, वेताळबाबाच्या देवळापाशी जमायचंय. वणव्याने काळा पडलेला उतार बघून जीव तुटतो. तिथेच बसून, तिथल्याच कोळशाने चित्रं काढू. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडाची करंगळीएवढी जळकी काडी कागदावर मऊ, दाट उमटते. राख मात्र डिंकाच्या पाण्यात कालवल्याशिवाय धरत नाही, तेव्हा डिंक रात्रीच भिजवून आणा. जाड कागद आणि जुनं फडकंही घ्या. उभ्या झाडाची फांदी कुणीही तोडायची नाही, पडलेलंच उचला. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती ओरडत घिरट्या घालू लागली की लगेच मागे फिरा. काडेपेटी, लायटर घरीच ठेवा. कुठे धूर दिसला तर आधी अग्निशमन दलाला, 101 ला फोन.