सिग्नल खाणारं यूपीएस सापडलं, दादा खरंच थँक्यू!

दादा, हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरातल्या वायरिंगवरूनच दिवे चालवणारी एक्स-१० सिस्टीम बसवून वैतागलेले अजून बरेच जण असतील आणि तुम्ही जे समजावलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचायला हवं.

हॉलमधला दिवा सकाळी कंट्रोलरवरून झटकन लागायचा, आणि रात्री टीव्ही, कॉम्प्युटर सगळं सुरू झालं की ढिम्म. जो तो म्हणे मॉड्युल, म्हणजे कंट्रोलरचा सिग्नल ऐकून दिवा चालू-बंद करणारा डबा, गेलंय, नवीन घे. तुम्ही एकट्यानेच आधी विचारलंत, की दिवा आणि कंट्रोलर एकाच फेजवर आहेत का, आणि दिवा ऐकत नाही तेव्हा घरात काय काय जोडलेलं असतं. बस्स, इथूनच गाडी रुळावर आली.

तुमच्यामुळे कळलं की कंट्रोलरचा हा सिग्नल म्हणजे एसी व्होल्टेज शून्यावरून जाताना वायरीवर सोडलेला १२० किलोहर्ट्झचा, जेमतेम १ मिलिसेकंदाचा ठोका. आणि तो दोन तऱ्हेने मरतो. एक तर एखादा चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर वायरीवर इतका कचरा टाकतो की त्यात ठोका ओळखूच येत नाही. नाहीतर यूपीएस, स्पाइक बस्टर असलं काहीतरी तो गिळून टाकतं, कारण त्यांच्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये कपॅसिटर असतो. तुम्ही हिशोबच करून दाखवलात: ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा अडथळा घरच्या विजेच्या ५० हर्ट्झला साधारण ३२ हजार ओहम, म्हणजे कपॅसिटर असून नसल्यासारखा, आणि तोच १२० किलोहर्ट्झला फक्त १३ ओहम! सिग्नल उरणार कसा? हे इतकं सोपं करून आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही सांगितलंत तसं केलं, उपकरणाचं स्वतःचं बटण बंद करून उपयोग नाही, प्लगच उपसायचा, आणि एकेक परत लावत दर वेळी दिवा लावून बघायचा. कॉम्प्युटरच्या यूपीएसचा प्लग लावला आणि दिवा गप्प, काढला की लगेच चालू. आता त्याच्या आणि सॉकेटच्या मध्ये, सिग्नल यूपीएसपर्यंत जाऊच न देणारा फिल्टर बसवलाय, लोडला पुरेल एवढ्या अँपिअरचा बघून घेतला, आणि रात्रीसुद्धा दिवा एका दाबात लागतो.

पॅसेजमधला एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहायचा, त्याचंही उत्तर तुमच्याकडेच होतं. दिव्याचं बटण दाबलेलं कळावं म्हणून अप्लायन्स मॉड्युल (डिम न करता नुसतं चालू-बंद करणारं) बंद असतानाही बारीकसा करंट सोडतं, जुन्या बल्बला तो जाणवायचा नाही पण एलईडीला तेवढा पुरतो. डिमरवाल्या लॅम्प मॉड्युलवर तो दिवा लावू नका हेही वेळेवर सांगितलंत, नाहीतर मी तेच करणार होतो.

दादा, तुम्ही मला काही विकत घ्यायला लावलं नाहीत, शोधायचं कसं ते शिकवलंत, आणि तेच तेच प्रश्न विचारले तरी एकदाही कंटाळला नाहीत, याचं मला फार वाटतं. आता मागच्या खोलीचं काम घेतोय, ती दुसऱ्या फेजवर आहे, म्हणजे बहुतेक एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर पोचवणारा कपलर लागणार, तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घेईन. झालं की कळवतोच.